दुसऱ्या भागाला न्याय

‘ड्रॅगन एज २’ वाईट गेम आहे का? असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, “पहिल्यासारखा नाही.” पण मी ते विचारलंच नव्हतं.

बायोवेअरचा ‘ओरिजिन्स’ नोव्हेंबर २००९ मध्ये आला आणि दुसरा भाग अवघ्या १६ महिन्यांनी, मार्च २०११ मध्ये. घाई दिसते. त्याच गुहा, तीच गोदामं वेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा समोर येतात. हा दोष खराच. पहिला भाग कधीच न खेळलेल्यालाही तो खटकेल.

दुसरी तक्रार वेगळी आहे. ‘ओरिजिन्स’मध्ये आपण अख्खं राज्य वाचवतो. इथे हॉक कर्कवॉल या एकाच शहरात वर्षानुवर्षं राहतो, आणि (स्पॉयलर आहे, पण गेम जुना आहे) तुम्ही काहीही निवडा, सोबतचा जादूगार अँडर्स तिथलं प्रार्थनास्थळ उडवतोच. “मग आमच्या निवडीला अर्थ काय?” मला हाच या गेमचा प्रश्न वाटतो. जे होणार ते टळत नसेल, तर आपण कुणाच्या बाजूने उभे राहिलो याला किंमत असते का?

मी सॉफ्टवेअर लिहितो. नव्या व्हर्जनमधून जुनं फीचर गेलं की युजर चिडतो, आणि त्याचं बरोबरच असतं. नावापुढे ‘२’ लावणं हे वचन आहे. ते मोडलं तर कंपनीला जाब जरूर विचारावा. पण त्या रागात गोष्टीचा निकाल लावू नये. धाकट्याचे मार्क दादाच्या मार्कांशीच ताडून पाहणाऱ्या घरात, धाकटा चित्रं सुंदर काढतो हे कुणाला दिसतच नाही.