वाद नसलेली जमीन

घर कुठे घ्यावं, हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा दिशा घेऊन येतो. मी पौरोहित्य करते. पुण्यात बायकांनी पौरोहित्य करणं आता कुणाला नवं वाटत नाही. शंकरराव थत्ते यांनी उद्यान कार्यालयात बायकांना शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञानप्रबोधिनीने त्याला रीतसर शिक्षणाचं रूप दिलं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी या कामात आल्या. माझ्याकडे वास्तुशांती जास्त येतात. अलीकडे त्यातल्या बऱ्याचशा चांदणी चौकाच्या पलीकडच्या असतात : बावधन, भूगाव, भुकूम, लवळे, पिरंगुट, थेट पौडपर्यंत. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, मुख्य दार दक्षिणेला आहे, चालेल ना?"

यंदा हा प्रश्न माझ्या माहेरातूनच आला. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला. धाकटा भाऊ, भावजय, दोन पुतणे, त्यातल्या मोठ्याचं लग्न ठरलेलं, आणि 84 वर्षांची आई. सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरवलंय, ही आजच्या काळात फार मोठी गोष्ट आहे. त्यासाठी मुळशीत मोठं घर बघणं चालू आहे. भावाने तीन जागांचे नकाशे पाठवले आणि लिहिलं, "ताई, वास्तू बघून सांग." मी म्हटलं, वास्तू मागाहून बघू, आधी जमीन बघू.

आश्वलायन गृह्यसूत्रात घरासाठी जमीन कशी पारखावी हे सांगितलंय. गुडघाभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्यातच परत भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर सोडून द्यायची. मग सूर्यास्तानंतर तोच खड्डा पाण्याने भरून ठेवायचा आणि सकाळी बघायचं. पाणी शिल्लक असेल तर उत्तम, नुसती ओल असेल तर मध्यम, कोरडा पडला असेल तर ती जमीन नको. ही परीक्षा पुष्कळांना ऐकून माहीत असते. पण सूत्रकाराने तिच्याही आधी दोन अटी घातल्यात : जमीन क्षारपड नसावी आणि तिच्यावर कुणाचा वाद नसावा. मातीचा कस आणि माणसांचा वाद त्याने एका दमात सांगितलाय. दाराची दिशा त्यानंतर येते.

वाद म्हटलं की भाऊ सातबारा काढतो. फेरफार बघतो, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट मागवतो, जागा एनए आहे का, पीएमआरडीएची मंजुरी आहे का, हे तपासतो. ते केलंच पाहिजे. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. गृह्यसूत्र हा विधींचा ग्रंथ. जमिनीच्या भांडणाशी त्याचा काय संबंध? मला असं वाटतं की ज्या जमिनीवर दुसऱ्या कुणाचा जीव अडकलाय, तिथे बसून 'इदं न मम' म्हणताना मुळात 'मम' म्हणायचा अधिकारच कच्चा असतो. जे आपलं झालेलंच नाही, ते देवाला कसं द्यायचं?

आणि हे मुळशीत विचारायचं म्हणजे अवघडच. या तालुक्याच्या जमिनीवरचा वाद देशाच्या इतिहासात नोंदलेला आहे. 1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, इथले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा वापरून त्यांची भातखाचरं घ्यायचं ठरवलं होतं. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्यामागे उभे राहिले. बापटांच्या नावामागचं 'सेनापती' याच लढ्यातलं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. आजही मुळेचं ते पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज करतं आणि कोकणात वाहून जातं. धरणाच्या या बाजूला भूगाव-बावधनच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात.

तो वाद शंभर वर्षांपूर्वीचा. त्यानंतरचा वाद आवाज न करता झाला. हिंजवडी-माणला आयटी पार्क आला, रस्ते रुंद झाले, जमीन गुंठ्याच्या भावाने जाऊ लागली. 2018 साली आलेल्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने त्यातली एक गोष्ट महाराष्ट्राला दाखवली : जमिनीचे पैसे आले आणि गेले, आणि ज्याच्या शेतावर बंगला उठला त्याच्याच घरातलं कुणीतरी फाटकावर पहारा करू लागलं. सातबारा अगदी साफ असतो. खरेदीखतावर अंगठा असतो, सही असते. तरी वाद उरतोच. तो कुठल्या दप्तरात लिहिलेला नसतो एवढंच.

पिरंगुटच्या पुढच्या एका गावात मी वास्तुशांतीला गेले होते. प्रशस्त बंगला, जुईचा मांडव, पाहुणे आलेले. आग्नेय कोपऱ्यात वास्तुनिक्षेपाचा खड्डा तयार होता. सप्तधान्य, पंचरत्न, शेवाळ, दहीभात सगळं मांडून ठेवलेलं. एवढ्यात फाटकाशी बोलाचाली ऐकू आली. पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ हातात नारळ आणि शेंदराची पुडी घेऊन उभे होते आणि पहारेकरी त्यांना आत सोडत नव्हता. जमीन त्यांच्याच घरची होती, रीतसर विकलेली. पैशाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. बांधावर त्यांचा म्हसोबा होता, तो कुठे गेला एवढंच त्यांना विचारायचं होतं. जेसीबीवाल्याने तो दगड उचलून जनरेटरच्या खोलीमागे ठेवला होता. दर अमावास्येला हे गृहस्थ येत आणि फाटकावरूनच परत जात.

यजमान भले होते. कानावर आल्याबरोबर स्वतः जाऊन त्यांना आत घेऊन आले. त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं की या जमिनीबरोबर एक अमावास्याही त्यांच्याकडे आली आहे. कुंपणाच्या कडेला, बांध जिथे होता त्याच रेषेत, म्हसोबा पुन्हा बसवला गेला. नारळ फुटला, पहारेकऱ्यालाही खोबरं मिळालं. मग मी पुढचा विधी केला.

त्या दिवसापासून वास्तुमंडलाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. 81 पदांचं मंडल मांडतो, मधोमध ब्रह्मा, भोवती मिळून 45 देवता. पण पूजा तेवढ्यावर संपत नाही. मंडलाच्या चौकटीबाहेर, चार कोपऱ्यांना चरकी, विदारी, पूतना आणि पापराक्षसी असतात. त्यांनाही बळी द्यावा लागतो. यातल्या कुणाला घरात बोलवायचं नाही, पण त्यांचा वाटा दिल्याशिवाय घर शांत होत नाही. जे भीतीदायक वाटतं, जे आपल्या चौकटीत बसत नाही, त्याचाही या जागेवर भाग आहे हे कबूल केल्यावरच गृहप्रवेश करायचा. इतका स्पष्ट विचार ज्या विधीत आहे, तो करून झाल्यावर उंच भिंत घालून बाहेरच्या गावाला विसरून जाणं मला त्या विधीशी विसंगत वाटतं.

हे ऐकून भाऊ जरा दुखावला. म्हणाला, "ताई, आपण कुणाची जमीन लुबाडत नाही. पैसे मोजून घेतोय. मग हे ओझं आपल्यावर का?" प्रश्न अगदी रास्त आहे.

त्याला मी सांगितलं, पाप आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाप आपण केलेलं असतं. ऋण घेऊन आपण जन्माला येतो. तैत्तिरीय संहितेत म्हटलंय की ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो; नुकत्याच जन्मलेल्या बाळाने तर काहीच केलेलं नसतं. ऋणाला अपराध लागत नाही. आपल्या आधी कुणीतरी होतं, त्यांच्या असण्यावर आपलं असणं उभं आहे, एवढं पुरतं. मुळशीत घर घेणाऱ्याने पाप केलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो ऋणी होतो. धरणाखाली गेलेल्या गावांचा, बांध विकलेल्या घरांचा, भुकूमच्या खाटपेवाडीत उगम पावून बावधन-पाषाणकडे जाणाऱ्या त्या बिचाऱ्या रामनदीचा, तोडलेल्या टेकडीचा. आणि ऋणाची अडचण वाटू नये. जो ऋणी आहे, त्याचं त्या जागेशी नातं आहे.

फेडायचं कसं, याचंही उत्तर आपल्याकडे आहे. मनुस्मृतीतल्या कितीतरी गोष्टी मला मान्य नाहीत, पण तिसऱ्या अध्यायातला पंचसूनांचा विचार मी उराशी धरून आहे. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर, या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून रोज जीव मरतात. कितीही सज्जन असलात तरी घर चालवण्यात हिंसा आहेच. म्हणून पाच यज्ञ : ज्ञानाचा, पितरांचा, देवांचा, भूतमात्रांचा आणि माणसांचा. घर जेवढं मोठं तेवढी चूल मोठी, घागरी जास्त, म्हणजे यज्ञही मोठा. मोठ्या घराला माझा विरोध नाही. पैठणला नाथांचं घर मोठंच होतं. श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक त्यांनी आधी दाराशी आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, असं परंपरा सांगते. ते घर तेवढं मोठं होतं म्हणूनच हे घडू शकलं. माझा जीव तुटतो तो बंद घरांसाठी. पाच खोल्या, हिरवळीवर रोज पाणी, आणि माणूस महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी. जिथे चूलच पेटत नाही त्या घरात अतिथी कुठून येणार?

म्हणून भावाच्या तीन जागा मी या पाच यज्ञांना धरून पाहिल्या.

पहिली जागा टेकडीच्या उतारावर, समोर पाणी, आजूबाजूला कुणी नाही. मन लगेच ओढलं जातं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी योग्याच्या आसनाची जागा फार हौसेने रंगवली आहे : वाहतं पाणी, मंद वारा, सौम्य ऊन, पाखरांची फार वर्दळ नाही, मधूनच कोकिळ, जवळ एखादा मठ किंवा शिवालय. त्या ओव्या वाचताना मला मुळशी-ताम्हिणीच दिसते. पण ती जागा एकट्या साधकाची आहे. तो एक आसन घेऊन येतो आणि उठला की मागे काही उरत नाही. गृहस्थ तिथे रस्ता आणणार, बोअर घेणार, सांडपाणी सोडणार, त्यासाठी टेकडी कापणार. योग्याची जागा गृहस्थाला विकणं हा आजच्या जाहिरातींचा मोठा अधर्म आहे, असं मी जाणीवपूर्वक म्हणते. ज्याला तो एकांत हवा आहे, त्याने ताम्हिणीला विंझाईच्या राईत जाऊन बसावं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला. वाळकं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, या एका नेमावर त्या टिकल्या. राईचा मालक कुणी नसतो, म्हणून ती सगळ्यांना लाभते.

दुसरी जागा मोठ्या वसाहतीतली. सोयी उत्तम, आईसाठी दवाखाना जवळ, मुलांना सोबत. भावजयीचा कल तिकडे आहे आणि तिची काळजी मी हलकी मानत नाही. आईचं दुखणं-खुपणं रात्री-अपरात्री तिलाच बघायचं आहे. फक्त मी तिला विचारलं, घरकामाला ज्या मावशी येतील त्या कुठल्या फाटकातून आत येतील? त्यांना लिफ्ट वेगळी आहे का? गावच्या जत्रेला वर्गणी मागायला कुणी आलं तर आपल्या दारापर्यंत पोहोचेल का? चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला जातं, तेव्हा सोसायट्यांतले काही लोक खाली उतरून हात जोडतात आणि काही जण वाहतूक अडली म्हणून चिडतात. वसाहत कुठली यापेक्षा आपण त्यातले कोण होणार, हे महत्त्वाचं. पण भिंत उंच असेल तर खाली उतरणं अवघड होतं, हेही खरं.

तिसरी जागा भुकूमच्या बाजूला, गावठाणाला लागून. जुनी विहीर आहे, अजून पाणी धरून. रस्ता अरुंद, समोर पिठाची गिरणी, मागे मारुतीचं देऊळ, सकाळी भोंगा. दार दक्षिणेला. भावाच्या वास्तुतज्ज्ञाने ही जागा पहिल्याच फेरीत बाद केली होती. मला तीच जागा पाचही यज्ञांना मोकळी वाटते. देऊळ आहे, शाळा जवळ आहे म्हणजे पुतण्याला शनिवारी तिथल्या मुलांना गणित शिकवता येईल, विहिरीवर पाखरं येतात, आणि दारावरून माणसं जातात. आई ओट्यावर बसली तर तिच्याशी बोलायला कुणीतरी थांबेल. वाड्यात तिचं आयुष्य असंच गेलं. दक्षिणेच्या दाराचं काय ते मी बघते, त्याला शांती आहे.

तेराव्या अध्यायात माउलींनी सांगितलंय की ज्ञानी माणसाची घरावरची आस्था वाटेत भेटलेल्या झाडाच्या सावलीइतकीही नसते. भावाने हे वाक्य माझ्यावरच उलटवलं : मग कुठेही घेतलं तरी काय बिघडलं? पण सावलीतून उठून जाणाराही तिथे घाण करून जात नाही, आणि आधीपासून बसलेल्याला उठवून स्वतः बसत नाही.

अजून काही ठरलेलं नाही. भावजयीला तिसऱ्या जागेपासून दवाखान्याला किती वेळ लागतो ते रात्री गाडीने जाऊन बघायचं आहे, ते ती या आठवड्यात करेल. मी एवढंच मागून घेतलंय की विसार देण्याआधी जमीन ज्यांची होती त्या घरी आम्ही दोघं बहीण-भाऊ जाऊ. एजंटाला बरोबर न्यायचं नाही. बांधावर कुठला देव आहे, विहिरीवर कुणाचा पाण्याचा हक्क आहे, पावसाळ्यात ओढा कुठून वाहतो, आणि वाटण्या होताना कुणा बहिणीचा हिस्सा राहून गेलाय का, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं. राहून गेला असेल, तर तो मिळेपर्यंत थांबायला भाऊ तयार आहे.