उपेक्खा की उपेक्षा?



गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे न्यू जर्सीत रात्रभर बर्फ पडला होता आणि सकाळी मी घरासमोरचा बर्फ फावड्याने काढत होतो. दहा मिनिटांत छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे जड वाटू लागले, डाव्या जबड्यात कळ आली. थांबलो, तशी ती गेली. बायकोला म्हणालो, "अ‍ॅसिडिटी असेल." त्या आठवड्यात ऑफिसात मोठा रिलीज होता. पुढचे नऊ दिवस मी जिना मुद्दाम सावकाश चढत होतो. म्हणजे मला कळले होते, फक्त मान्य करायचे नव्हते.

दहाव्या दिवशी नुसते बसलेलो असतानाही छाती भरून आली. बायकोने गाडी काढून मला गावातल्या कम्युनिटी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेले. (हीही चूकच. अशा वेळी ९११ ला फोन करावा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ईसीजी निघू शकतो आणि उपचार वाटेतच सुरू होतात.) पोहोचल्यावर काही मिनिटांत ईसीजी झाला. रक्तातले ट्रोपोनिन तपासले आणि काही तासांनी पुन्हा तपासले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर हे प्रथिन रक्तात वाढायला वेळ लागतो, म्हणून एकच आकडा पुरत नाही. दोन्ही वेळा ते ठीक निघाले. मग डॉक्टरांनी विचारले, "वडिलांना हृदयविकार होता का? कोणत्या वयात?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

वडील नागपूरला रेल्वेत होते. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. त्यांनी ओवा आणि सोडा घेतला आणि पहाटे ते गेले. आमच्या घरात आजही "गॅसने गेले" असेच म्हणतात. वय? कागदावर ५३. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहून टाकलेला, तेव्हा खरे वय आजीलाही सांगता आले नसते. आजोबांबद्दल तर एवढेच ठाऊक आहे की ते शेतात काम करता करता बसले आणि उठले नाहीत.

डॉक्टरांचा प्रश्न उगाच नव्हता. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका वाढतो. शिवाय अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी यांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाही धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाचा फॉर्म एका खुणेने आधीच सुरू होतो. त्यात 'कौटुंबिक इतिहास' हा रकाना रिकामा. ज्यांचा इतिहासच कोणी लिहून ठेवला नाही, त्यांच्या हृदयाचा इतिहास कोण लिहिणार?

त्याच हॉस्पिटलच्या हृदयविभागात पुढच्या आठवड्यात माझी स्ट्रेस टेस्ट झाली. ट्रेडमिलवर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेतात, ईसीजी चालूच असतो, आणि लगेच इकोवर हृदयाची हालचाल पाहतात. ताणाखाली हृदयाचा एखादा भाग नीट आकुंचन पावत नसेल तर ते दिसते. आम्ही आयटीवाले नवीन सिस्टिमवर मुद्दाम जादा लोड टाकून बघतो, तसेच हे. रात्री तीन वाजता सर्व्हरची डिस्क भरली तर माझा फोन वाजतो. त्या टेबलावर पडल्या पडल्या मला हसू आले, की स्वतःच्या छातीचा इशारा मात्र मी नऊ दिवस म्यूट करून ठेवला होता.

ती चाचणी चांगली आली. पण कोलेस्टेरॉल आणि वडिलांची हकीकत ऐकून कार्डिऑलॉजिस्टने कॅल्शियम स्कोअरसाठी सीटी स्कॅन करायला सांगितले. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चुना मोजतात. स्कोअर शून्य नव्हता, ८६ होता. तेव्हापासून मी रोज स्टॅटिनची गोळी घेतो आणि संध्याकाळी चालतो.

रविवारच्या वंदनेनंतर मी हे सर्व सांगितले, तेव्हा आपल्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "सर्व अनिच्च आहे. जन्मला तो जाणार. एवढ्या चाचण्या म्हणजे जगण्याची तृष्णाच." काकांबद्दल मला आदर आहे आणि त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. तो प्रश्न मनात घोळत राहिला, म्हणून हा लेख.

पालीतल्या 'उपेक्खा' या शब्दाचे संस्कृत रूप 'उपेक्षा'. आपल्या मराठीत मात्र उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. उपेक्खा ही ब्रह्मविहारांपैकी एक. जे आहे ते पूर्ण पाहून त्याने डळमळून न जाणे म्हणजे उपेक्खा. दोन्हींत माणूस बाहेरून शांतच दिसतो. फरक एवढाच की एकाने पाहिलेले असते आणि दुसऱ्याने तोंड फिरवलेले असते. त्या नऊ दिवसांत मी फार शांत होतो. ती उपेक्षा होती. रिपोर्ट हातात आल्यावर घाबरून न जाता गोळी सुरू केली, तिथे कुठे उपेक्खेची पहिली पायरी लागली असेल तर असेल.

विनयपिटकातल्या महावग्गातील प्रसंग आपण ऐकला आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तोही इतरांच्या उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. तिथे तथागतांनी त्या भिक्खूला अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. संघाला मात्र त्यांनी जबाबदारीची जाणीव दिली, की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना बघायचे आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्याला हे जास्तच लागू पडते.

काही जण बाबासाहेबांचा दाखला देतात, की ते अठरा अठरा तास काम करत, प्रकृतीकडे पाहत नसत. हे अर्धेच खरे आहे. त्यांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, त्यावर ते उपचारही घेत होते. १९४८ साली त्यांनी विवाह केला तो एका डॉक्टरशी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत ते गेले. त्यांना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, हा प्रश्न ज्या समाजाला आजही सलतो, त्याने प्रकृतीची हेळसांड हा आदर्श मानू नये.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. तब्येत ठणठणीत असताना दर वर्षी सगळ्या चाचण्या करून घेणे हेही शहाणपण नव्हे. लक्षणे नाहीत आणि धोका कमी आहे अशांनी केवळ खबरदारी म्हणून ईसीजी काढू नये, अशीच इथल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सची २०१८ ची शिफारस आहे. सीटीत किरणोत्सर्ग असतो, आणि खोट्या इशाऱ्यामागे आणखी चाचण्या लागतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पाहावे आणि पुढचे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मध्यम मार्ग इथेही तोच.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, विशेषतः भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत. मुलाला भुर्दंड नको म्हणून ते छातीतली कळ लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, की १९८६ च्या कायद्याने इथल्या जवळजवळ कोणत्याही हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला, पैसे असोत नसोत, तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येते, हे खरे. पण ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे बंधनकारक आहे. कम्युनिटी हॉस्पिटलांपैकी बरीच अशीच आहेत. बिलिंग काउंटरवर तो अर्ज मागायला लाजू नका.

त्या रात्री मी नागपूरला आईला फोन केला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "गॅस नव्हता रे. महिनाभर आधीपासून त्यांना जिना चढवत नव्हता. तुझी फी भरायची होती, म्हणून दवाखान्यात गेले नाहीत."

वडिलांचे ते दुखणे त्यांचे एकट्याचे कधीच नव्हते. माझेही नाही. पोरांच्या डॉक्टरकडे आता मी तो रकाना भरून दिला आहे. आजोबा, अंदाजे ५३, हृदयविकार. वडील, ४६, कॅल्शियम स्कोअर ८६, उपचार सुरू.

या रविवारी वंदना झाली की घरी फोन करा आणि विचारा, आपल्याकडे कोण, कोणत्या वयात, नेमके कशाने गेले. पहिले उत्तर "गॅस" असेच येईल. थोडे थांबून पुन्हा विचारा.

नमो बुद्धाय. जय भीम.