पाठवील त्यानं पाहुणाही ठेवावा

सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंडा भागातली माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली. सोयाबीन गेलं, जनावरं वाहून गेली, कित्येकांच्या शेतातली मातीच खरडून गेली. मग मदत आली आणि मदतीच्या काही पिशव्यांवर नेत्यांची छायाचित्रंही आली. त्यावरून पेटलेला वाद रास्तच होता. ज्याच्या चुलीत पाणी शिरलंय त्याच्या हाती धान्याबरोबर आपला चेहरा देऊ नये.

या वादाच्या भरात आमच्या एका जाणत्या मित्रानं जाहीर चर्चेत दोन विधानं केली. पहिलं असं, की बाहेरची मदत मुळातच देणाऱ्याची जाहिरात असते. पिशवीवरचा नेता आणि शाळेच्या भिंतीवरचं रोटरी क्लबचं चाकाचं बोधचिन्ह यांत फरक नाही. दुसरं असं, की या क्लबांच्या ‘युथ एक्स्चेंज’मधून परदेशी जाणं म्हणजे डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या मुलांची सहल, दुष्काळी जिल्ह्याला तिचं काय? टाळ्या भरपूर पडल्या. पहिलं विधान चुकीचं आहे आणि दुसरं अर्धवट. दोन्ही मिळून जी वृत्ती तयार होते, ती तर या जिल्ह्याला घातक आहे. म्हणून हा लेख.

आधी चाकाबद्दल. रोटरीनं पोलिओ संपवण्याचा विडा १९८५ मध्ये उचलला. १९८८ मध्ये सव्वाशे देशांत मिळून वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं या रोगानं अधू होत होती. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मधल्या वर्षांत पल्स पोलिओच्या रविवारी आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविकांच्या शेजारी क्लबांचे सभासद बूथवर बसत होते, आणि जगभरातल्या क्लबांनी जमवलेला पैसा या मोहिमेत येत होता. लसीच्या त्या थेंबावर कुणाचं नाव लिहिता येत नाही. आज पंचविशीत असलेल्या धाराशिवच्या कुठल्याही पोराला विचारा, आपला डोस कुणाच्या पैशातून आला हे त्याला सांगता येणार नाही. घेणाऱ्याच्या मनात उपकाराची आठवणसुद्धा न ठेवणारी मदत जगात होऊ शकते, हे आपल्याच डोळ्यांदेखत घडलेलं आहे. असं एक उदाहरण असलं तरी ‘मदत मुळातच जाहिरात असते’ हा सिद्धान्त पडतो.

स्वाभिमानाचा मुद्दाही त्या चर्चेत निघाला. २००४ च्या त्सुनामीनंतर भारतानं परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि २०१८ च्या केरळ पुरातही तेच धोरण ठेवलं. मात्र मे २०२५ मध्ये केंद्रानं महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला परदेशी देणग्या घेण्याची परवानगी दिली. त्यामुळे घ्यावं की न घ्यावं हा वाद आता जुना झाला. कसं घ्यावं, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय, या जिल्ह्याला जगाशी देवाणघेवाण नवी आहे असं समजणाऱ्यानं एकदा तेरला जावं. तेरणेकाठचं हे तेर म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडे. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली पाहिली की अभ्यासकांना इटलीतल्या पाँपेईत सापडलेली तशीच मूर्ती आठवते. तगरचा विणकर रोमचा लाभार्थी नव्हता. त्याच्याकडे रोमला हवी असलेली वस्तू होती, म्हणून तो बरोबरीनं व्यवहार करत होता. बाहेरच्यांशी संबंध आला की आपण लाचार होतो, ही भीती या मातीतली नाही. संबंध एकेरी झाला की लाचारी येते.

इथं मला इव्हान इलिच यांच्याकडे वळलं पाहिजे, कारण आमच्या मित्राच्या बोलण्यामागे, त्यांना माहीत असो वा नसो, इलिच उभे आहेत. १९२६ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले हे धर्मगुरू पुढे मेक्सिकोत स्थिरावले. शाळा आणि दवाखाने माणसाला परावलंबी कसे करतात, यावरचं त्यांचं लेखन मराठी वाचकांना थोडंफार माहीत आहे. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोत त्यांनी एक भाषण केलं. समोर बसली होती सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला आलेली अमेरिकी विद्यार्थ्यांची संघटना. इलिचनी त्यांना तोंडावर सांगितलं, की परत जा. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, ज्यांना तुमच्याबद्दल काय वाटतं हे तुम्हाला कळूच शकत नाही, त्यांची सेवा तुम्ही कशी करणार? सेवा करायची तर आपल्या देशातल्या गरिबांत करा. तिथं चुकलात तर ते निदान तुम्हाला हाकलून देऊ शकतील. बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. मदत करायला येऊ नका.

हे भाषण मी वर्गात अनेकदा शिकवलं आहे आणि अजूनही ते अंगावर येतं. त्यातलं नैतिक मर्म पक्कं आहे: ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याला दिलेली वस्तू म्हणजे देणाऱ्याची सत्ता. सेवाभावी संस्थेत शिरणाऱ्या प्रत्येक तरुणानं हे एकदा ऐकावं. रोटरीच्या आजच्या नियमांतही या टीकेचं थोडं उत्तर दिसतं. २०१३ पासून चालू असलेल्या ‘ग्लोबल ग्रँट’साठी प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा लागतो, एक इथला आणि एक परदेशातला क्लब जोडीनं असावा लागतो, आणि गावाची गरज गावाला विचारून ठरवल्याचं दाखवावं लागतं. कागदावर का होईना, विचारणं आलं.

पण इलिच एका ठिकाणी कमी पडतात आणि ते ठिकाण आपल्या जिल्ह्यानं दाखवलेलं आहे. त्यांच्या चित्रात गरीब माणूस कायम आपल्या गावातच बसलेला आहे. बाहेरचा त्याच्याकडे येतो आणि शहाणा असेल तर निघून जातो. हा गरीब माणूस स्वतः उठून दुसऱ्याच्या देशात काही सांगायला जाईल, ही शक्यता त्या भाषणात नाही. खुद्द इलिच मात्र व्हिएन्नाहून निघून जगभर शिकवत फिरले. आपल्याला जे स्वातंत्र्य होतं ते त्यांनी मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या वाट्याला धरलंच नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपलेले. ६.२ क्षमतेच्या त्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या घरात माणसं गेली. ती माणसं मारली घरांनी. दगडमातीची जाड भिंत, तिचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, मध्ये नुसता भराव. वर माळवद: तुळया, फळ्या आणि त्यावर वर्षानुवर्षं पावसाळ्यापूर्वी टाकत आणलेली पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा देणारा हा भार त्या पहाटे झोपलेल्यांवर आला. त्या दिवशी ‘मदत करायला येऊ नका’ असं कुणाला सांगायचं होतं?

मदत आली. जागतिक बँकेनं २४.६ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. देशभरातल्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली. या कामांनी जीव सावरले, हे न मानणं कृतघ्नपणा होईल. पण नवी गावं बांधताना इलिच खरे ठरले. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, रांगेत घरं. कडबा कुठं ठेवायचा, बैल कुठं बांधायचे, भावकी शेजारी कशी राहणार, शेत किती लांब पडणार, हे नकाशा काढणाऱ्यांना पुरतं उमजलं नाही. लोकांनी मग पत्रे ठोकून, पडव्या काढून आपापली घरं पुन्हा राहण्याजोगी केली.

इथवर मी मदतीची बाजू घेतली, ती सोडत नाही. पण किल्लारीपाशी आल्यावर आमच्या मित्राच्या दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे त्या परदेशी ‘सहली’कडे, वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. युथ एक्स्चेंजची रचना पाहा. पंधरा ते एकोणीस वर्षांचं मूल एक शैक्षणिक वर्ष परक्या देशात, परक्या घरात राहतं; बहुधा वर्षभरात दोन-तीन घरं बदलतं. राहणं-खाणं यजमान घराचं, शाळेची सोय यजमान क्लबची. आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिरस्ता असा, की ज्या घरानं आपलं मूल पाठवलं त्यानं बाहेरून आलेलं मूल ठेवून घ्यायचं. माझ्या नात्यातल्या सोलापूरच्या एका घरात असा युरोपातला मुलगा राहिला. पहिले काही आठवडे त्याचे लाड झाले. मग नळ आला की बादल्या भरायला आजी त्यालाच हाक मारू लागल्या, आणि ताट तसंच ठेवून उठला की नातवाइतकंच त्यालाही बोलू लागल्या. त्याला आजींचं ऐकावं लागत होतं. इलिचना हवी असलेली अट इथं पुरी होते: बाहेरून आलेल्याला घर रागावू शकतं, त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगू शकतं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दोष नेमका कुठे आहे ते कळतं. परदेशी मदत योग्य माणसांपर्यंत पोचते, पण तिची रीत एकेरी असते. युथ एक्स्चेंजची रीत बरोबरीची आहे, पण विमानाचं तिकीट, विमा, हातखर्च घरानं करायचा असल्यामुळे ती मोजक्या घरांपुरती राहते. आमच्या मित्रानं माणसं पाहून रीत फेकून दिली. टीका करायची तर ती रीत वाचवून करायला हवी होती.

योग्य माणसं आणि योग्य रीत एकत्र आली तर काय होतं, तेही याच जिल्ह्यात घडून गेलं आहे, आणि ते आपण पाठ्यपुस्तकात घालायला हवं होतं. भूकंपानंतर गावं हलवण्याइतकंच मोठं काम होतं उभी राहिलेली घरं मजबूत करण्याचं. त्यासाठी पैसा हप्त्यानं घरमालकाच्या खात्यात येणार आणि काम त्यानं करून घ्यायचं, अशी योजना होती. प्रेमा गोपालन आणि त्यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं यात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभं केलं. भिंतीचे दोन थर बांधणारा आरपार दगड बसवला का, माळवदावरची माती उतरवली का, सिमेंटच्या कामावर पाणी मारलं का, हे त्या पाहू लागल्या. ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, त्या बायका गवंड्याला आणि इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या.

पुढे १७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवकडच्या या बायका तिथल्या भूकंपग्रस्त बायकांना भेटायला गेल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर त्या कच्छमध्ये पोचल्या. तुर्की बायकाही भारतात आल्या. भाषा वेगळी, धर्म वेगळा; पण ढिगाऱ्यातून उठलेली बाई दुसऱ्या ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बाईला जे सांगू शकते ते कुठल्याही तज्ज्ञाला सांगता येत नाही. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच प्रवाहातून घडल्या. कोवळ्या वयात लग्न, लवकर आलेलं वैधव्य, आणि तिथून कुटुंबाच्या शेतातला एक एकर बाईच्या हाती सोपवून त्यात खाण्याची पिकं घेण्याची चळवळ. ती सांगायला त्या देशोदेशी गेल्या. त्यांच्यावर इंग्रजीत चित्रकथाही निघाली. नीती आयोगाच्या यादीत ‘आकांक्षित’ म्हणजे मागास ठरलेल्या जिल्ह्यातली ही बाई जगाला शेती सांगते. तिला लाभार्थी कोण म्हणेल?

म्हणून माझं मागणं क्लबांकडे आहे. रोटरीच्या ३१३२ क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये धाराशिव येतं. लायन्सचेही स्वतःचे युवा विनिमय आणि शिबिरं १९६१ पासून चालू आहेत. दरवर्षी दोन तरी जागा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातल्या मुला-मुलीसाठी राखून ठेवा आणि त्यांचा प्रवासखर्च क्लबनं उचला. बदल्यात येणारा परदेशी पाहुणा त्याच घरी किंवा त्याच गावात राहू द्या. शौचालय नीट नाही, इंग्रजी येत नाही, ही कारणं मला ठाऊक आहेत. पण त्या दूर करता येतात. आणि परदेशी क्लबच्या पैशातून बंधारा किंवा प्रयोगशाळा उभी राहते तेव्हा त्या करारातच लिहा, की या गावची दोन माणसं देणाऱ्यांच्या गावी जातील आणि कमी पाण्यात शेती कशी करतात, आपत्तीनंतर घर कसं उभं करतात हे तिथं शिकवतील. युरोपातही आता उष्णतेच्या लाटा येतात, नद्या आटतात. आपल्याकडे द्यायला ज्ञान आहे.

साने गुरुजींना आंतरभारतीत हेच हवं होतं: प्रांताप्रांतांतली तरुण मुलं एकमेकांच्या घरी राहावीत, एकमेकांची भाषा शिकावीत. त्यांनी त्यात श्रीमंतांची मुलं आणि गरिबांची मुलं अशी वाटणी केली नव्हती. परदेश परवडत नसेल तर सुरुवात बिहार, ओडिशा, मणिपूरपासून करा. रीत मात्र सोडू नका.

आणि आमच्या त्या मित्राला एवढंच सांगणं आहे. पिशवीवरच्या छायाचित्राविरुद्धचा तुमचा राग मला मान्य आहे, पण रागातून दार लावून घेतलं तर नुकसान आपल्याच पोरांचं होईल. ज्या जिल्ह्यातल्या बायका भूकंपातून उठून तुर्कस्तानपर्यंत गेल्या, त्या जिल्ह्यानं मदत नाकारण्यात स्वाभिमान शोधू नये. मदत घ्यावी, आणि तिच्या बदल्यात देणाऱ्याच्या घरी शिकवायला जाण्याचा हक्क मागून घ्यावा. तो हक्क जे क्लब देतील त्यांची चाकं शाळेच्या भिंतीवर खुशाल राहू देत.