मनोरीतलं उखळ

जरा सैल बसा. मुंबईत मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची फेरीबोट धरली आहे, असं समजा. खाडी फार रुंद नाही. ती ओलांडेपर्यंत घाई बाजूला ठेवता आली, तरी पुष्कळ झालं.

पलीकडे ईस्ट इंडियन समाजाचं एक छोटं संग्रहालय आहे. राजांच्या तलवारी इथे शोधू नका. भांडीकुंडी, शेतीची अवजारं, लुगडी अशा घरच्याच वस्तू इथे आहेत.

आता मनासमोर एक लाकडी उखळ आणा. काठ खडबडीत, तळ मात्र गुळगुळीत. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळायच्या, मसाले भाजले जायचे. मग मुसळं उचलली जायची. एकीचं वर, दुसरीचं खाली. कांडलेला बॉटल मसाला गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचा, की वर्षाची बेगमी झाली. प्रमाण मात्र प्रत्येक घराचं वेगळं. मुसळांचा तो ताल चार श्वास ऐका.

ही ईस्ट इंडियन माणसं साष्टी बेटाच्या परिसरातलीच. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली, घरात मराठी बोलत राहिली. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोवा-मंगळूरहून कामाला आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून. नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या वळणाचं. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं उंबराचं पाणी या मातीतलं. यातलं खरं कोणतं, असं मन विचारेल. निवाडा करू नका. वारशाने आलेलं आणि निवडून घेतलेलं, दोन्ही एकाच घरात नांदू शकतं.

आणखी एक गोष्ट मनात घोळवा. जुनं आपोआप उरत नाही. भंगारवाल्याची हाक आली, तेव्हा कुणीतरी ‘हे नाही द्यायचं’ म्हटलं, म्हणून ते उरतं.

आता आपल्या घरात या. अंधेरीचा फ्लॅट असो की मुलुंडची चाळ, माळ्यावर एखादा पाटा-वरवंटा असेलही. तो वापरणारं माणूस घरात असेल, तर आजच त्याच्याशेजारी बसा. यावर काय वाटायचात, किती, कुणी शिकवलं, ते विचारा. ‘अंदाजाने’ असं उत्तर आलं, तर तो अंदाज हातावर घेऊन दाखवायला सांगा, आणि लिहून ठेवा. वस्तू उद्याही माळ्यावर असेल; हा अंदाज त्या एका हातातच आहे.