न वापरलेली धार

पवित्र शास्त्रात हत्यारांचा व अवजारांचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी आला आहे. परंतु बहुतेक वेळा ती कोणाच्या तरी हातात आहेत. अब्राहामाच्या हाती सुरी आहे, पेत्राच्या हाती तरवार आहे, आणि यशयाला दिसलेल्या भविष्यात तरवारींचे फाळ होऊन ते शेतात गेले आहेत. ज्या अवजाराने कधी कामच केले नाही त्याचे मोल काय, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला पडला नसावा. लोखंडच इतके दुर्मिळ होते की ते नुसते ठेवून देण्याची चैन परवडणे कठीण. शौलाच्या राज्यात इस्राएल लोकांना आपले फाळ आणि कुऱ्हाडी पाजवून घेण्यासाठीदेखील पलिष्ट्यांकडे जावे लागे, हे वाचकांना स्मरत असेल.

आपल्या काळात मात्र तो प्रश्न उभा राहतो, आणि तोही एका किरकोळ वाटणाऱ्या छंदातून. अमेरिकेत जुन्या घडीच्या चाकूंचा संग्रह करणारे असंख्य लोक आहेत. शेतकऱ्याने दोरी कापावी, मुलाने काठी तासावी, कारकुनाने पेन्सिलीला टोक काढावे, म्हणून कारखान्यांनी एके काळी लाखो खिशातले चाकू केले. आज त्याच चाकूंची प्रतवारी होते, आणि तिचा पहिला नियम ऐकून कोणीही क्षणभर थबकेल: सर्वांत महाग तो चाकू, ज्याने काहीही कापलेले नाही. दगडावर एकदा जरी धार लावलेली दिसली तरी किंमत उतरते. ज्याने पन्नास वर्षे इमानाने चाकरी केली आणि ज्याचे पाते झिजून निम्मे झाले, तो जवळजवळ कवडीमोल.

बंगळुरास बनशंकरी भागात माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. आमच्या घरी त्यांना सारे काका म्हणतात. येथेही तसेच म्हणतो. तरुणपणी ते अहमदनगरहून (आता अहिल्यानगर) यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस आले, हत्यारांच्या विभागात राबले आणि येथेच स्थायिक झाले. पोलाद हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. परदेशी गेलेल्या आप्तांकरवी त्यांनी थोडेथोडे करून चाळीसच्या वर जुने अमेरिकन चाकू जमविले. पैसा मर्यादित, म्हणून संग्रहही मर्यादित; पण त्यांचे ज्ञान मर्यादित नाही. पात्याच्या मुळाशी असलेली कारखान्याची मोहर भिंगाखाली धरून ते तासन् तास बोलू शकतात.

त्या मोहरांचे शास्त्र खरोखर रंजक आहे. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड गावच्या केस कंपनीचे उदाहरण घ्यावे. १९२० ते १९४० या काळात पात्यावर 'केस टेस्टेड' अशी अक्षरे असत. पुढे १९६५ पर्यंत नावापुढे नुसते दोन फुलीसारखे 'एक्स', मग त्याखाली देशाचे नाव, आणि १९७० पासून त्या नावाखाली दहा ठिपके. दर वर्षी एक ठिपका कमी होई. म्हणजे नऊ ठिपक्यांचा चाकू १९७१ चा, एका ठिपक्याचा १९७९ चा. त्याखेरीज पात्यावर आकडा असतो. ६२५४ यातील सहा म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, दोन म्हणजे दोन पाती, आणि चोपन्न हा आकाराचा क्रमांक. ज्याला ही लिपी वाचता येते त्याला चाकू हाती घेताच त्याचा जन्मदाखला मिळतो. अर्थात लबाडीलाही येथे वाव आहे. एकाची मूठ, दुसऱ्याचे पाते, असे जोडकाम करून किंवा मोहर नव्याने ठोकून जुने म्हणून विकणारे तिकडे आहेतच. आणि एखाद्या ठिपक्याच्या अस्तित्वावर किंमत ठरू लागली की ठिपका घासून काढण्याचा मोह कोणाला तरी होणारच.

एके दिवशी काकांनी मला सरळच विचारले, "हा संग्रह करणे पाप आहे का, हो?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. काकांचे वय झाले आहे. मुले परगावी आहेत आणि त्यांना या विषयात गोडी नाही. मंडळीत दानाविषयी उपदेश झाला की ते अस्वस्थ होतात. त्यांच्या कपाटात जे आहे ते विकले तर कोणा गरजू मुलाचे शिक्षणही होऊ शकेल, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने पृथ्वीवरच्या संपत्तीविषयी जो इशारा दिला, त्यात कसर आणि जंग यांचा उल्लेख आहे. आपण तो सहसा अलंकारिक अर्थाने वाचतो. चाकूंच्या संग्राहकाला तो अक्षरशः घ्यावा लागतो. जुनी पाती कार्बनयुक्त पोलादाची. बोटाचा घाम लागला तरी डाग पडतो. काका पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पाते शिवणयंत्राच्या तेलाने पुसतात. चामड्याच्या म्यानात चाकू फार दिवस ठेवला तर कमावलेल्या चामड्यातील क्षारांनीच पितळेवर हिरवा थर चढतो. आणि सर्वांत घातक म्हणजे सेल्युलॉइडच्या मुठी. शंभर वर्षांपूर्वी रंगीबेरंगी म्हणून लोकप्रिय झालेला हा पदार्थ जुना झाला की कुजू लागतो, त्यातून वायू सुटतो, आणि बंद पेटीत तो वायू शेजारच्या निर्दोष पात्यांनाही गंजवितो. हवा आणि हात यांपासून जपण्यासाठी कुलपात ठेवलेली वस्तू कुलपातच नासते. अशा मुठीचा एक चाकू काकांनी वेगळा काढून उघड्या फळीवर ठेवला आहे. मला तो सर्व संग्रहात अधिक बोलका वाटतो, हा माझा दोष समजावा.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. मिळालेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपण जाणतो. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही नाही. जसे मिळाले तसे त्याने परत केले, आणि त्याच गोष्टीसाठी तो दोषी ठरला. कारखान्यातून निघाला तसाच राहिलेला चाकू आणि ती पुरलेली ठेव यांत फरक कोणता? चाकूला पाणी दिले, भट्टीत तापविले, घासून धार काढली, ते सारे कापण्यासाठी. कारागिराचा हेतू पात्यातच आहे. तो हेतू कधीच पुरा होऊ न देता पात्याचे कौतुक करणे, हे कारागिराचे कौतुक म्हणता येईल का?

या ठिकाणी एका पाळकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. होइट बक हा मुलगा १९०२ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. कुदळींची धार अधिक टिकावी म्हणून पोलादाला पाणी देण्याची एक रीत त्याने शोधून काढली. पुढे तो झिजून टाकाऊ झालेल्या कानशींपासून हाताने चाकू करू लागला. उत्तरायुष्यात बक आयडाहो राज्यातील माउंटन होम गावी पाळक झाले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात ओढली गेली तेव्हा सैनिकांसाठी चाकू द्यावेत, असे आवाहन लोकांना झाले. बक यांच्याजवळ द्यायला चाकू नव्हते, पण ते करण्याची विद्या होती. त्यांनी ऐरण आणि भट्टी मिळविली व आपल्या उपासनामंदिराच्या तळघरात काम सुरू केले. युद्धानंतर ते सॅन दिएगोला मुलाकडे गेले, दोघांनी मिळून व्यवसाय थाटला, आणि १९४९ साली बक निवर्तले. मुलगा ॲल याच्या काळात, १९६४ मध्ये, '११०' या क्रमांकाचा मोठा घडीचा चाकू निघाला आणि कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले. आपल्या विश्वासाची साक्ष देणारा छोटा मजकूर चाकूच्या डबीत घालण्याचा प्रघातही याच घराण्याचा.

या हकीकतीत मला दोन गोष्टी खुपतात. पहिली म्हणजे यशयाच्या दर्शनाची उलट दिशा. शेतकऱ्याच्या कुदळीसाठी शोधलेली विद्या वेदीच्या खालच्या खोलीत युद्धाच्या कामी आली. बक यांच्या हेतूविषयी शंका नाही, आणि सैनिकाचा चाकू डबा उघडण्यासही उपयोगी पडतो; तरी वर प्रार्थना व खाली ऐरण हे चित्र सहजासहजी पचत नाही. दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. जुन्या कानशींतून, गरजेपोटी, वापरण्यासाठीच केलेले बक यांच्या हातचे ते चाकू आज संग्राहक शोधीत हिंडतात. ज्याच्या घरी असा एखादा निघेल तो त्याने कांदाही चिरणार नाही.

आणि बाजाराने याच्याही पुढची मजल गाठली आहे. रेमिंग्टन कंपनीने १९२२ साली शिकाऱ्यांसाठी मुठीवर बंदुकीच्या गोळीचे छोटे चिन्ह असलेले मोठे चाकू काढले. १९४० च्या सुमारास कंपनीचे चाकूंचे उत्पादन थांबले, म्हणून ते दुर्मिळ झाले. मग १९८२ पासून त्यांच्या नव्या आवृत्त्या दर वर्षी निघू लागल्या. या नव्या चाकूंचा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे संग्राहक. डबीतून न काढण्यासाठीच त्यांची खरेदी. जुना चाकू निदान अपघाताने वापरायचा राहून गेला होता. हा तर जन्मतःच निवृत्त. काकांजवळ असा एकही नाही. त्याविषयी ते बोलू लागले की त्यांचा आवाज जरा चढतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या संग्रहात नाही, आणि तिचे कारण अधिक गंभीर आहे. केसच्या क्रमांकात पहिला आकडा पाच असेल तर मूठ शिंगाची. अमेरिकेतील व इंग्लंडमधील कारखान्यांना हे शिंग मोठ्या प्रमाणावर भारतातून जाई. आपल्या जंगलांतील सांबराचे. सांबर दर वर्षी शिंगे गाळते, ती गावकरी वेचीत आणि व्यापारी जहाजावर चढवीत. पण गळालेले शिंग कोणते आणि मारून काढलेले कोणते, हे पोत्यात भरल्यावर कोण सांगणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही काळ चाललेली ही निर्यात १९९० च्या दशकात बंद करण्यात आली. एका आप्ताने शिंगाच्या मुठीचा सुंदर चाकू पाठविण्याची तयारी दाखविली तेव्हा काकांनी नकार कळविला. कायदा तर आहेच. पण जनावर कसे मेले ते ठाऊक नसताना त्याची मूठ हातात धरवणार नाही, असे त्यांनी लिहिले. संग्रहाचा लोभ ज्याच्या मानगुटीवर बसला आहे तो असे पत्र लिहीत नाही, असे माझे मत आहे.

मग संग्रहाच्या बाजूने काय बोलता येईल? पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना उत्तराची एक दिशा सुचेल. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी राजेरजवाड्यांच्या जडजवाहिराच्या मागे न लागता समया, दौती, स्वयंपाकघरातील भांडी, अडकित्ते जमविले. बालपणीच वारलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले, आणि अखेर सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथील अडकित्ते पाहावेत. कोणी घोड्याच्या आकाराचा, कोणी पोपटाच्या. पण सुपारी त्यांनी कातरलेली आहे. पितळ हातांनी गुळगुळीत झाले आहे. ते झिजणे वजा करून किंमत काढावी, असे तेथे कोणाच्याही मनात येत नाही. केळकर जर अडकित्त्याचे पाते कोरे आहे की नाही हे पाहत बसले असते, तर आपल्या आजी-पणज्यांच्या हातांचा तो इतिहास भंगारात गेला असता.

ख्रिस्ती परंपरेत कारभारीपण हा शब्द आपण पैशाच्या संदर्भात फार वापरतो. वस्तूंचेही कारभारीपण असते. कारभारी मालक नसतो. त्याला हिशेब द्यायचा असतो. केळकरांनी तो दिला. काकांना तो द्यायचा आहे, आणि त्यांच्या प्रश्नातील कळ तेथेच आहे, असे मला वाटते. जमविण्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. ज्या हातांनी पोलाद घडविले त्या हातांची ओळख ठेवणारा कोणी तरी असावा, आणि काकांइतकी ती ओळख थोड्यांना आहे. परंतु चाळीस चाकूंपैकी एकानेही गेल्या तीस वर्षांत एक पेरू कापू नये, हे मला मान्य नाही. बनशंकरी हे नाव ज्या देवळावरून पडले तेथे राहुकाळी लिंबाच्या अर्ध्या सालीत दिवे लावण्याची प्रथा आहे. त्या लिंबांवर चालणाऱ्या साध्या स्वस्त सुऱ्यांना कोणी भिंगाखाली धरणार नाही, पण पोलाद कशासाठी असते ते काकांच्या कपाटापेक्षा तेथे लवकर कळते. हे मी काकांना बोलूनही दाखविले. त्यांना ते फारसे रुचले नाही.

"देऊन टाका म्हणणे सोपे आहे," ते म्हणाले. "ज्याला देईन त्याला धार लावता येते का? उपदेशकाने बोथट लोखंडाविषयी काय लिहिले आहे ते वाचा. बोथट चाकू देण्यात कसले दान?"

या बोलण्यात तथ्य आहे. दगडावर पाते किती कलते धरावे, दोन्ही बाजू सारख्या कशा घासाव्यात, शेवटी पट्ट्यावर कसे फिरवावे, हे पूर्वी घरोघरी ठाऊक असे. आता सायकलवर सहाण बांधून फिरणारा धारवालाही क्वचित दिसतो. चाकू द्यायचा तर ही विद्याही त्याबरोबर द्यावी लागेल, आणि ती टपालाने पाठविता येत नाही.

सध्या काकांनी एक वही केली आहे. डाव्या पानावर प्रत्येक चाकूची मोहर, वर्ष, कोठून आला ते. उजवे पान कोरे, घेणाऱ्याच्या नावासाठी. इमारतीतील दोन मुले रविवारी दुपारी त्यांच्याकडे दगडावर हात बसवायला येतात. शिकण्यासाठी त्यांनी मुलांच्या हाती बाजारातली सुरी न देता १९७४ चा, सहा ठिपक्यांचा, आजवर कधी न उघडलेला चाकू दिला. पहिल्या दिवशी पात्यावर तिरपा ओरखडा उमटला तेव्हा काका उठून आत गेले आणि थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन परत आले. उजव्या पानावर अजून नाव लिहिलेले नाही.