चाळणी कोणाच्या हाती?



आपण काय वाचावे आणि काय वाचू नये हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या पणजोबांसाठी पुस्तकावर बंदी घालण्याची गरजच पडत नसे. शाळेच्या दारातूनच परत पाठविले की काम भागत असे. आज आमच्या उंबरमाळीसारख्या, खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या गावातही मोबाईल पोहोचला आहे आणि पुष्कळ मुलांचे ग्रंथालय तोच आहे. म्हणून इंटरनेटवरील मजकूर सरकारी हुकुमाने बंद करण्याची जी पद्धत देशात चालू आहे, ती तुम्ही समजून घेतली पाहिजे. हा शहरातल्या वकिलांचा विषय आहे असे म्हणून सोडून देऊ नका.

परमपूज्य बाबासाहेबांनाही ही चाळणी चुकली नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषणातला काही मजकूर गाळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषदच रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पुढे १९८७ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, त्यातील राम-कृष्णांवरील प्रकरण वगळावे म्हणून मोठे आंदोलन झाले. १९८८ च्या फेब्रुवारीत आपली माणसे मुंबईच्या रस्त्यावर लाखोंनी उतरली म्हणून ते प्रकरण टिकले. शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप मात्र त्याला चिकटली. ती टीप मला कधीच खुपली नाही. ज्याला मत पटत नाही त्याने तसे लिहावे, पान फाडू नये.

आता एक फरक लक्षात घ्या. १९८८ साली काय वगळायचे म्हणतात ते सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच मोर्चा निघू शकला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाचे तसे नाही. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार या कलमाखाली इंटरनेटवरचा मजकूर बंद करू शकते. अधिकाऱ्यांची समिती ते तपासते. परंतु २००९ च्या नियमांतील सोळावा नियम सांगतो की आलेली तक्रार आणि तिच्यावर झालेली कारवाई या दोन्ही गोष्टी कडक गुप्त ठेवायच्या. १ फेब्रुवारी २०२१ रोजी शेतकरी आंदोलनाची आणि एका इंग्रजी मासिकाची ट्विटरवरील खाती याच कलमाखाली काही तास बंद राहिली. वाचणाऱ्याला दिसते ते फक्त बंद दार. कुलूप का लावले हेच ठाऊक नसेल तर दाद कशाविरुद्ध मागणार? भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या. तपासायला ती गोष्ट आधी समोर तर असली पाहिजे!

असा अधिकार कोणावर चालतो याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. तेथल्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिले की ही मुंबई आदराने नव्हे, भीतीने बंद आहे. तिच्या मैत्रिणीने त्याला फक्त पसंती दिली. दोघींना अटक झाली आणि मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मोडतोड जमावाने केली, आणि गुन्हा ठरला तो दोन ओळींचा. त्यांना ज्या ६६-अ कलमाने पकडले ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. ६९-अ मात्र त्याच निकालात कायम राहिले. २०२३ साली सरकारने आणखी एक नियम केला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारचाच विभाग ठरविणार होता. आरोपीनेच न्यायासनावर बसावे तसा हा प्रकार. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला.

येथे तुम्ही मला अडवाल. बाबासाहेबांविषयी घाणेरडा मजकूर मोबाईलवर फिरतो, तोही राहू द्यायचा का गुरुजी? प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला असल्या मजकूराने रात्र-रात्र झोप लागलेली नाही. तरी २०१२ सालच आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते: गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. वर्गात बसलेल्या आपल्या पोराला तो चाबूक कसा दिसेल हे मी शिक्षक म्हणून जाणतो, आणि सक्तीच्या पाठ्यपुस्तकात काय असावे यावर भांडण्याचा आपल्याला पूर्ण हक्क होता. पण पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, तिचे समर्थन मी करणार नाही. पालघरचा दवाखाना फोडणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

शिवाय, आपण सरकारकडे गुप्त चाळणी मागितली तर ती आपल्या हाती राहणार नाही. ती राहील त्या-त्या वेळी सत्तेवर असणाऱ्याच्या हाती. 'भावना दुखावल्या' हे कारण आज आपण देऊ, उद्या चौथ्या खंडाविरुद्ध दुसरा कोणी देईल, आणि त्या वेळी मोर्चा काढण्याइतकी बातमीही आपल्याला लागणार नाही.

मग अपमान निमूट सोसायचा का? मुळीच नाही. जातीवरून अपमान किंवा धमकी असेल तर त्या मजकुराचे चित्र, तारीख आणि पाठविणाऱ्याचा क्रमांक जपून ठेवा. पोलीस ठाण्यात १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार लिहून द्या आणि तिची प्रत मागून घ्या. तेथे गुन्हा कोणता ते उघड असते, आरोपीला बोलता येते, निकाल वाचता येतो. हा रस्ता लांब आहे, आणि दंगल पेटविणारी अफवा कोर्टाच्या तारखेची वाट पाहत नाही, हेही खरे. अशा वेळी तो मजकूर तातडीने थांबवावा लागेल. पण थांबविणाऱ्याने आपला हुकूम कारणांसह प्रसिद्ध करावा आणि ज्याचे लिहिणे थांबविले त्याचे म्हणणे ऐकावे. तुमच्या विहारात बंदी मागणारा अर्ज सहीसाठी आला, तर त्यात या दोन मागण्या आहेत का ते आधी पाहा.