कड्याखालची गोष्ट

आषाढात भोरला पुस्तकांना ओलसर वास धरतो. त्या दुपारी मी कपाट रिकामं करून पलंगावर पुस्तकं उघडी टाकत होते, तेवढ्यात भाचा आला. गुंजवण्याहून, म्हणजे राजगडाच्या पायथ्याहून, मोटारसायकलवर भिजत. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक गठ्ठा त्यानं माझ्यापुढे ठेवला. मीच दोन वर्षांपूर्वी दिलेली पुस्तकं होती ती. शनिवार-रविवारी गडावर जाणारी मुलं त्याच्याकडे मुक्कामाला असतात. त्यांना रात्री वाचायला म्हणून मी जपलेल्या कादंबऱ्या दिल्या होत्या : बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, थोडे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद.

"हे घे आत्या. मला घरात नकोत."

"का रे? वाळवी लागली?"

"वाळवी नाही." तो टॉवेलनं डोकं पुसत खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मी चहा टाकला.

मग हळूहळू सांगितलं. मागच्या शनिवारी रात्री त्यानं मुलांना तानाजीची गोष्ट सांगितली होती. तो छान सांगतो, आवाज खाली आणून, मध्येच थांबून. घोरपड कड्यावर चिकटली, दोराला ताण दिला, पहिला मावळा अंधारात लोंबकळत वर निघाला. मुलं श्वास धरून ऐकत होती. सकाळी त्यातला एकजण गटातून मागे राहिला. चोर दरवाजाची वाट सोडून बाजूच्या घळीतून सरळ वर चढायला गेला. कातळ ओला, शेवाळलेला, धुकं दाट. खाली एका बांधाएवढ्या कंगोऱ्यावर तो सापडला, पाय दोन ठिकाणी मोडलेला. भाचा आणि गावातली पोरं दोर बांधून उतरली. घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणलं. पोरगा जगला, आता पुण्यात त्याच्या घरी आहे.

"झोळीत तो एकच बोलत होता. काका, काल तुम्हीच सांगितलंत ना, दोर नसतानाही पहिला माणूस चढतोच."

चहा उकळून वर आला, तो मला उतरवावा लागला.

"म्हणजे तुझं म्हणणं, गोष्टीनं त्याला पाडलं."

"गोष्टीनं नाही, मी. पण गोष्टीच्या तोंडून."

अशा वेळी सांत्वन करावं हे मला कळतं. पण आमच्या घरात सांत्वनापेक्षा वाद जास्त कामाला येतो, आणि तो वाद करायलाच आला होता. मी म्हटलं, "अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. एका काळात शिंपी, गिरणीतला कामगार, कॉलेजची मुलगी, सगळे त्याच वाचायचे. ते सगळे कड्यावरून उडी मारायला गेले नाहीत."

"एक गेला."

"एकासाठी बाकीच्यांचं वाचणं बंद करायचं?"

"ते नाही म्हणत मी. मला दुसरं खटकतंय." त्यानं गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचललं, कोणाचं ते सांगत नाही. पान शोधलं. "नायक तटावर चढतो. पहारेकऱ्याला ढकलतो. तो किंचाळत दरीत जातो. अर्धी ओळ. पुढच्या ओळीत नायक खिडकीशी. आत्या, मी त्या अर्ध्या ओळीखाली उतरलोय. तिथं पाच तास लागतात."

मी पुस्तक हातात घेतलं आणि त्याच्यासमोरच चाळलं. ते मी चार-पाच वेळा तरी वाचलेलं. सात माणसं पडतात त्यात : तटावरून, जिन्यावरून, चालत्या गाडीतून. एकालाही नाव नाही. चार-पाच वेळा वाचून मी ती कधी मोजली नव्हती, हे मला त्याच्यापुढे कबूल करावं लागलं.

"पण हे खोटं आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं," मी म्हटलं. "आपल्या राजवाड्यात कितीतरी सिनेमांची शूटिंग झाली. लढाईत सटासट पडणारी माणसं 'कट' म्हटल्यावर उठतात, धूळ झटकतात, चहा पितात. मी स्वतः पाहिलंय. त्यांच्या पडण्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही."

"कारण ती उठतात. पुस्तकातला पहारेकरी उठतही नाही आणि मरतही नाही. तो नुसता नाहीसा होतो."

हे उत्तर मला लागलं. लागलं अशासाठी की आम्ही कुठल्या मातीतले, हे त्याच्या बोलण्यात होतं. 13 जुलै 1660 ला घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर जे उभे राहिले ते बांदलांचे मावळे. बांदल म्हणजे रोहिड्याखालचे, हिरडस मावळातले, आमच्या भोरच्या डोंगरातले. बाजी आणि फुलाजी या दोन भावांची नावं पोराला पाळण्यात कळतात. बाकीची नावं मला येत नाहीत, माझ्या आजीलाही येत नव्हती. गोष्टीत नाव असणाऱ्यांच्या घरातले आम्ही नाही, आकड्यात असणाऱ्यांच्या घरातले आहोत.

मी हे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तुला कळतंय माझं."

"कळतंय. पण एक सांग. दरबारातला पहिला मान कारीच्या जेध्यांचा होता. खिंडीनंतर महाराजांनी तो बांदलांना दिला आणि जेध्यांनी तो आनंदानं सोडला, असं सांगतात. म्हणजे नावं राहिली नाहीत, तरी कोणीतरी हिशेब ठेवला. सगळ्या शौर्यकथा हिशेब विसरत नाहीत."

"अर्नाळकर ठेवतात का हिशेब?"

"नाही," मी म्हटलं. "ते प्रामाणिकपणे पळतात. पण सगळे थरार एका पंगतीत बसवू नकोस." मग मी त्याला माझी मतं सांगितली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, कारण भोरमध्ये निवृत्त शिक्षिकेनं थरारकथांवर मतं ठेवावीत असं कोणाला वाटत नाही. ज्या कादंबरीत नायकाला भूक लागत नाही ती मी अर्ध्यात सोडते. ज्यात खांद्याला गोळी लागलेला माणूस पुढच्या प्रकरणात भिंत चढतो ती तर तिथंच ठेवून देते. मला तयारीचा थरार आवडतो. फ्रेडरिक फोरसाइथची 1971 सालची 'द डे ऑफ द जॅकल' घे. एक मारेकरी फ्रान्सच्या अध्यक्षाला, द गॉल यांना मारायला निघतो. ते असे मेले नाहीत, हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. तरी हात गार पडतात. अर्धं पुस्तक खोटी कागदपत्रं, बंदूक, कपडे, रस्ते यातच जातं. तानाजीच्या गोष्टीतही तेच. गड घेतला हे माहीत असून मुलं दर वेळी श्वास धरतात. म्हणजे थरार शेवटात नसतो, माणूस वाटेवर कसा वागतो यात असतो.

"आणि त्यात हिशेब?"

"त्या पुस्तकात त्या मारेकऱ्याचं खरं नाव शेवटपर्यंत कळत नाही. तो मरतो तेव्हा अपघातात गेलेला अनोळखी परदेशी प्रवासी म्हणून त्याला पुरतात. आणि ज्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला शोधून मारलं, तो त्या दफनाला जातो. तिथं उभा राहतो. मला अख्ख्या पुस्तकात ते पान सगळ्यात आवडतं."

तो बराच वेळ गप्प होता. बाहेर नीरेला पूर होता, त्याचा घों घों आवाज येत होता.

मग मी त्याला ते विचारलं, जे खरं तर पहिल्यापासून माझ्या मनात होतं. "तू त्या घळीत उतरलास. कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग का?"

"मला दोर बांधता येतो म्हणून."

"दोर बांधायला शिकायला का गेलास? लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तू याच पलंगाखाली पालथा पडून हीच पुस्तकं वाचायचास. मी जेवायला हाका मारायची. ज्या पुस्तकांनी तो पोरगा वर गेला, त्याच पुस्तकांनी तू खाली उतरलास. यातलं एक ठेवून दुसरं कसं परत करणार?"

त्याचा चेहरा थोडा बदलला. पण तो हरला नाही, आणि हरला नाही याचा मला अभिमान आहे. "आत्या, मला उतरता येतं हे खरं. पण मला उतरायला लागू नये, हे जास्त खरं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी म्हटलं, "नाथमाधवांचं तुला माहीत आहे? 'वीरधवल' लिहिणारे. आपल्या भाषेत साहसाची कादंबरी लोकांच्या हातात दिली ती त्यांच्यासारख्यांनी. ते तरुणपणी शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले. पाय कायमचे लुळे पडले. आणि मग अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसानं घोडे, तलवारी, भुयारं, पाठलाग लिहिले. 1928 मध्ये गेले तोवर लिहीत राहिले. कड्याखाली काय असतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? तरी त्यांनी कडाच लिहिला."

"आणि पडणं? ते लिहिलं त्यांनी?"

प्रश्न योग्य होता. 'वीरधवल' मला आठवलं, त्यातली धावपळ आठवली. मी मान हलवली, होकाराची की नकाराची ते माझं मलाच कळलं नाही.

"घोरपड खरी होती का?" त्यानं एकदम विचारलं.

"पोवाड्यात आहे. सभासदाच्या बखरीत नाही. तिथं माणसंच वानरांसारखी कडा चढून जातात."

"म्हणजे घोरपड नंतरची?"

"बखरीत तरी नाही. पण पोवाडा गाणाऱ्याला श्रोत्यांचा श्वास धरायचा होता. तुलाही धरायचा होता."

"मग मी घोरपड काढून टाकतो."

"काढलीस तर कोण ऐकेल? आणि कोणी ऐकलंच नाही, तर तानाजीही जाईल."

तो उठून दारात गेला. बांधकामावर मुकादम जसा उंची मोजतो, तसं समोरच्या डोंगरावरच्या ढगाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गोष्ट कुठं संपते आत्या? गड आला, सिंह गेला, तिथं. पण सिंह खाली कसा आला, ते कोण सांगतं?"

"आपल्याकडे सांगतात की. मढे घाट."

वेल्ह्याच्या टोकाला केळदजवळ घाटमाथा कोकणात उतरतो, तिथं तो घाट आहे. पावसाळ्यात त्याचा धबधबा बघायला पुण्याहून गाड्या येतात. तानाजीचा देह याच वाटेनं त्याच्या गावी, पोलादपूरजवळच्या उमरठला नेला, असं आमच्याकडे म्हणतात, आणि नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. गड जिंकल्याच्या रात्रीचा थरार कोंढाण्याला मिळाला. त्यानंतरच्या दिवसांचं ओझं एका घाटाच्या नावात राहिलं.

भाच्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आता भांडण नव्हतं, गणित होतं.

"चार फेब्रुवारी ना?"

"1670."

"म्हणजे वाटा कोरड्या. तरी सिंहगडावरून केळदला, मग घाट उतरून खाली, मग उमरठ. झोळीला चारजण एका वेळी. आम्ही पोरगा आणला तेव्हा दर वीस मिनिटांनी खांदा बदलत होतो, नाहीतर पाय लटपटतात. उतारावर मागच्यांनी धरून ठेवायचं, पुढच्यांनी वजन घ्यायचं. घाटात दोघं नुसते वाट दाखवायला पुढं. रात्रीच्या मशाली. पाणी उचलणारे वेगळे."

"मोज."

त्यानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"तीस-चाळीस तरी माणसं, आत्या. कमी नाहीत."

"त्यातल्या एकाचं तरी नाव?"

"नाही." तो थांबला. "पण त्यांचे खांदे कसे दुखले असतील ते मला माहीत आहे."

चहा गार झाला होता, मी परत गरम केला. जाताना त्यानं गठ्ठा उचलला नाही, पण उघडला. अर्नाळकरांचं एक काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि शर्टाच्या आत ठेवलं. बाकीची तशीच पलंगावर राहिली.

"शनिवारी काय सांगणार?" मी विचारलं.

"कोंढाणाच. घोरपड राहील." त्यानं पायात बूट घातले, नाडी नीट घट्ट बांधली, पुन्हा सोडून बांधली. "पण गड घेऊन झाला की मी झोपायला जा म्हणणार नाही. चारजणांना उठवणार. घोंगडी आणायला लावणार. पाचव्याला त्यात झोपवणार, आणि अंगणाला वीस फेऱ्या मारायला सांगणार."

"पावसात?"

"पावसात," तो म्हणाला, आणि गाडी चालू केली.